अँटीव्हायरसची की घेण्याआधी विंडोजची आवृत्ती बघा

ठाण्यात गोखले रोडवरच्या दुकानात जा की वाशीला जा, गिऱ्हाईक विचारतं, "अँटीव्हायरसची एक वर्षाची की केवढ्याला?" दुकानदार उलट विचारतो, "एक पीसी की तीन?" मशीनवर कुठली विंडोज आहे, हे दोघांपैकी कुणीच काढत नाही. की खरवडली जाते, नंबर टाकला जातो, आणि संध्याकाळी कुणातरी जाणकाराला फोन जातो: "अहो, इन्स्टॉल अर्ध्यावर अडकतंय." ते मशीन वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचं विंडोज ७ असतं, तुर्भ्याच्या मार्केटमधल्या गाळ्यातलं ३२ बिटचं विंडोज १० असतं, नाहीतर मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला नवाकोरा स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप. या तिघांना एकच सेटअप चालेल, असं धरून चालू नका.

खालचा क्रम घरच्या आणि लहान ऑफिसच्या विंडोज मशीनसाठी आहे. त्यातली कुठलीही पायरी घरातल्या जरा सवय असलेल्या माणसाला जमेल. घाई मात्र नको. शनिवार दुपार काढा, जीएसटी भरायची वीस तारीख नको.

आवृत्तीचा एवढा संबंध काय

टॅली, वर्ड, ब्राउझर ही सगळी विंडोजच्या वर चालणारी मंडळी. त्यातलं एखादं बंद पडलं तर तेवढंच बंद पडतं. अँटीव्हायरसचं तसं नाही. प्रत्येक फाइल उघडण्याआधी ती त्याला तपासायची असते, म्हणून त्याचे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतात. सोसायटीच्या मीटर रूमची किल्ली दिलेला माणूस जसा, तसा हा. त्याच्या हातून चूक झाली तर एका फ्लॅटचा नव्हे, अख्ख्या बिल्डिंगचा दिवा जातो.

याची दोन उदाहरणं सगळ्या जगाने पाहिली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाच्या प्रोसेसरच्या दोषावर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती आणली. काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत अशा वाटेने शिरत होते, जी मायक्रोसॉफ्टला मान्य नव्हती. दुरुस्ती आणि असा अँटीव्हायरस एकत्र आले की मशीन निळ्या पडद्यावर अडकायचं. म्हणून मायक्रोसॉफ्टने अट घातली: अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, "मी सुसंगत आहे" अशी ठरावीक नोंद केली, तरच विंडोजचं अपडेट उतरेल. ज्यांचा अँटीव्हायरस जुना होता, त्यांना त्या काळात विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्याच मिळाल्या नाहीत. दुसरं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन झोपवली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले.

म्हणून विंडोज आणि अँटीव्हायरस ही जोडी जुळवून घ्यायची असते. सुरुवात विंडोजपासून.

पहिली पायरी: मशीनलाच विचारा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात विनव्हर टाइप करा, इंग्रजीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं सलग, आणि एंटर मारा. जी खिडकी येते तिच्यात वर विंडोजचं नाव मोठ्या अक्षरात असतं. ते सोडा, खालची बारीक ओळ वाचा. तिथे व्हर्जन आणि ओएस बिल्ड लिहिलेलं असतं, आणि अँटीव्हायरस कंपनीच्या पानावर हेच आकडे जुळवायचे असतात.

बिल्ड ७६०१ म्हणजे विंडोज ७ सर्व्हिस पॅक १. तिथे ७६०० दिसलं तर सर्व्हिस पॅकच टाकलेला नाही. ९६०० म्हणजे विंडोज ८.१. १९०४५ म्हणजे विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२. पुढे २२००० पासून विंडोज ११ सुरू होतं: २२६२१ म्हणजे २२एच२, २२६३१ म्हणजे २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२, २६२०० म्हणजे २५एच२. टिंबानंतरचा आकडा महिन्याच्या अपडेटचा, तो दर महिन्याला बदलतो.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं जा. विंडोज ७ वर कॉम्प्युटरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे सिस्टिम टाइप नावाची ओळ आहे. ती ३२ बिट सांगते, ६४ बिट सांगते, किंवा एआरएम सांगते. या ओळीकडे कुणी बघत नाही आणि निम्मी भानगड इथेच असते. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. विंडोज १० पर्यंत ३२ बिटही होतं, आणि जुन्या २ जीबी रॅमच्या मशीनवर फॉरमॅट मारताना तेच टाकायची पद्धत होती. अशा मशीनला ३२ बिटचा सेटअप मिळतो का, हे कंपनीच्या पानावर वेगळं बघावं लागतं.

एआरएमचं प्रकरण नवं आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर साधे प्रोग्राम रूपांतर होऊन चालतात, म्हणून लोकांना वाटतं सगळंच चालेल. कर्नलच्या ड्रायव्हरला ते रूपांतर लागू नाही. तो मुळातच एआरएमसाठी बनवलेला हवा. पानावर एआरएम ६४ चा स्पष्ट उल्लेख नसेल, तर की घेऊ नका. त्याच अबाउटच्या पानावर एस मोड असं लिहिलेलं सापडलं, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसणार नाही. अशा मशीनला विंडोजसोबत येणारा डिफेंडरच.

दुसरी पायरी: आपली विंडोज कुठे उभी आहे

विंडोज एक्सपीचा पाठिंबा, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी अपडेट, ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्याच्यासाठी अँटीव्हायरस शोधत बसू नका. नेटवर्कची वायर काढा आणि पुढचं विंडोज ७ बद्दलचं वाचा, तेच एक्सपीलाही लागू. विंडोज ८ आणि ८.१ वाले थोडेच उरलेत, ८.१ चा पाठिंबा १० जानेवारी २०२३ ला संपला. ते मशीन बहुधा विंडोज १० घेतं, तेवढी उडी मारून घ्या.

विंडोज ७ वर मात्र थांबावं लागेल, कारण ते अजून आपल्या आसपास भरपूर आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या शॉपमध्ये सीएनसी मशीनला जोडलेला संगणक विंडोज ७ वर असतो, कारण मशीन बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर उठत नाही आणि मशीन बदलणं मालकाच्या बजेटमध्ये बसत नाही. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. विंडोज ७ चा सर्वसाधारण पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमने १०९ व्या आवृत्तीनंतर त्याची साथ सोडली.

त्यावर अँटीव्हायरस टाकताना हमखास येणारी अडचण डिजिटल सहीची आहे. आजचे ड्रायव्हर आणि सेटअप शा-२ पद्धतीच्या सहीने येतात. विंडोज ७ जन्माला आलं तेव्हा ही सही त्याला धड वाचता येत नव्हती. म्हणून सेटअप "फाइल खराब आहे" म्हणून परततो, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासोबत कोड ५२ दिसतो. माणूस पुन्हा डाउनलोड करतो, पुन्हा तेच. उपाय असा: आधी सर्व्हिस पॅक १ असल्याची खात्री करा. मग मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमधून केबी४४९०६२८ घ्या, टाका, मशीन रीस्टार्ट करा. त्यानंतर केबी४४७४४१९ टाका आणि पुन्हा रीस्टार्ट करा. क्रम उलटा केलात तर दुसरं बसायला कटकट करतं. ३२ आणि ६४ बिटच्या फाइली वेगळ्या आहेत, तेव्हा पहिल्या पायरीतली ओळ इथे लागते. काही कंपन्यांचे अगदी अलीकडचे सेटअप याहून नवी सही वापरतात, जी विंडोज ७ ला या दोन दुरुस्त्यांनीही वाचता येत नाही. तिथे त्या कंपनीने विंडोज ७ साठी मागे ठेवलेली जुनी आवृत्ती आहे का, ते शोधायचं.

आणि एवढं करूनही ते मशीन सुरक्षित झालं असं मी म्हणणार नाही. अँटीव्हायरस ओळखीची फाइल पकडतो. विंडोजमधलं भोक बुजवत नाही. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ज्या भोकाचा फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न टाकलेली मशीन सापडली. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला आणि आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरात मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनरचे ट्रेलर बाहेर रांगेत उभे राहिले. तेव्हा सीएनसीच्या मशीनला इंटरनेट देऊ नका. पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, चालू विंडोजच्या मशीनवर तपासा, मगच इथे लावा. ऑफिसच्या नेटवर्कमधून ते मशीन वेगळं काढता आलं तर उत्तमच.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांची ऑफिसं, क्लासेस, सीएंच्या केबिनी यातली बरीचशी मशीन इथे आहेत, आणि ती विंडोज ११ घेत नाहीत, कारण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे. त्यांना दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, वैयक्तिक वापराच्या २२एच२ मशीनला मायक्रोसॉफ्ट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. कंपनीच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला ही सोय नाही, त्यांची योजना वेगळी आणि विकतची. दोन, डिफेंडरच्या व्हायरस ओळखीच्या यादीचे अपडेट विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. ही दुसरी बातमी ऐकून लोक निश्चिंत होतात, ते चुकीचं आहे. यादी ताजी राहील, विंडोजची भोकं ऑक्टोबर २०२६ नंतर उघडी राहतील.

विंडोज ११ वर अडचण क्वचित येते. फक्त आवृत्ती जुनी राहू देऊ नका. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण २४ महिनेच अपडेट मिळतात. २३एच२ वर असाल तर त्यांची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्येच संपली आहे.

तिसरी पायरी: विकत घ्यायचा का, ते ठरवा

दुकानदार मित्रांना हे आवडणार नाही, पण घरच्या अद्ययावत विंडोज ११ ला डिफेंडर पुरतो. तो विंडोज ८ पासून पूर्ण अँटीव्हायरस म्हणून सोबतच येतो, आणि सुसंगतीची चिंता नाही, कारण विंडोज बनवणाराच तो बनवतो. विंडोज ७ मध्ये याच नावाचा प्रोग्राम होता, पण तो फक्त स्पायवेअर बघायचा, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. घरच्या माणसाने कीचे पैसे वाचवून बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी आणि फोटो, पासबुकाची पानं, मुलांची सर्टिफिकिटं तिच्यात ठेवून ती कपाटात ठेवावी, असं माझं मत.

ऑफिसमध्ये आठ-दहा मशीन असतील, कुठल्या मशीनवर काय सापडलं हे एका जागेवरून बघायचं असेल, पेनड्राइव्ह बंद करायचे असतील, तर विकतचा जरूर घ्या. पुण्याची क्विक हील घ्या की बाहेरची कुठली, कंपनीच्या संकेतस्थळावर सिस्टिम रिक्वायरमेंट्स नावाचं पान शोधा. खोक्यावर छापलेलं वाचू नका, खोका छापून वर्ष झालेलं असतं. पानावर विंडोजचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. किमान बिल्ड किंवा सर्व्हिस पॅक कोणता, ३२ बिट चालतो का, रॅम आणि सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती, हे बघा. आणि बारीक अक्षरातली एक ओळ शोधा: जुन्या विंडोजवर प्रोग्रामची नवी आवृत्ती मिळते, की फक्त व्हायरसची यादी ताजी होते? दुसरं असेल तर तुम्ही पूर्ण पैसे देऊन थांबलेला प्रोग्राम घेताय, एवढं समजून घ्या.

की लगेच चालू करू नका. बहुतेक कंपन्या काही दिवस फुकट वापरू देतात आणि कीचे दिवस ती चालू केल्यापासून मोजले जातात. आधी फुकटचा टाकून मशीनची तब्येत बघा.

चौथी पायरी: जुना अँटीव्हायरस मुळापासून काढा

नव्या लॅपटॉपवर कंपनीने आधीच एखादा चाचणीचा अँटीव्हायरस घातलेला असतो. त्याची मुदत संपते, तो रोज पैसे मागत राहतो, आणि त्याच्या डोक्यावर लोक दुसरा टाकतात. दोघेही एकाच फाइलवर एकाच वेळी हात टाकतात आणि मशीन हँग होतं. विंडोज सिक्युरिटी उघडा, तिच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स बघा. तिथे कोणकोण नोंदलेलं आहे ते दिसतं. विसरलेला पाहुणा इथे सापडतो.

काढायचं ते आधी ॲप्सच्या यादीतून. मग मशीन रीस्टार्ट करून त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवा. मकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, ईसेट, कॅस्परस्की, सगळ्यांची अशी टूल आहेत आणि फुकट आहेत. काही टूल सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू करून, चालवायला सांगतात, तसं करा. साध्या अनइन्स्टॉलनंतर ड्रायव्हर मागे राहतात, आणि नवा अँटीव्हायरस त्यांनाच अडखळतो. टूल मात्र कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या.

पाचवी पायरी: बसवणं

आता विंडोजची सगळी अपडेट करून घ्या आणि सिस्टिम रिस्टोअर पॉइंट तयार करा. ज्यांच्या मशीनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे, त्यांनी ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी. विंडोज ११ चं २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं, त्यामुळे "माझ्याकडे नाही" म्हणण्याआधी तपासा. ही रिकव्हरी की त्या खात्याच्या पानावर मिळते. जुलै २०२४ मध्ये, क्राउडस्ट्राइकच्या वेळी, सेफ मोडमध्ये जाऊन मशीन दहा मिनिटांत उठत होतं, पण की हाताशी नसलेले लोक ताटकळले.

सेटअप शक्यतो पूर्ण, ऑफलाइन प्रकारचा घ्या. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे कंपनीचं नाव असायला हवं. तो भागच दिसत नसेल तर फाइल टाकून द्या. मग सेटअप चालवा, आणि शेवटी रीस्टार्ट. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनमध्ये कर्नल डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो, त्यामुळे नवा ड्रायव्हर नीट लागत नाही. स्टार्ट मेनूतून रीस्टार्टच निवडा.

सहावी पायरी: खरंच चालतोय का

विंडोज सिक्युरिटीत नव्या अँटीव्हायरसचं नाव हिरव्या खुणेसह दिसलं पाहिजे, आणि डिफेंडर आपणहून बाजूला झालेला असला पाहिजे. नाव दिसत नसेल तर तो नोंदलाच गेला नाही, म्हणजे जुळणी बिघडली. यादीची तारीख आजची-कालची आहे का बघा. मग आयकर नावाची चाचणीची फाइल वापरा. आयकर विभागाशी तिचा संबंध नाही; ई, आय, सी, ए, आर ही युरोपातल्या अँटीव्हायरस संशोधकांच्या संस्थेची आद्याक्षरं. ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर आहे, आणि सगळे अँटीव्हायरस तो व्हायरससारखा पकडतात. त्या संस्थेच्याच संकेतस्थळावरून डाउनलोड करा. निमूट उतरली तर पहारा चालू नाही.

विंडोज १०-११ वर डिव्हाइस सिक्युरिटीत कोअर आयसोलेशन उघडून मेमरी इंटिग्रिटी चालू होते का पाहा. होत नसेल तर विंडोज अडणाऱ्या ड्रायव्हरची यादी दाखवतं. त्यात नेहमी जुन्या अँटीव्हायरसचं उरलेलं खोड किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर निघतो.

यानंतर रोजची कामं एकेक करून बघा: टॅली उघडते का, डिजिटल सहीचा टोकन जीएसटीच्या साइटवर ओळखला जातो का, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्र येतं का, डॉट मॅट्रिक्सवर बिल निघतं का. टोकन अडला तर लोक अख्खा अँटीव्हायरस बंद करतात आणि पुन्हा चालू करायचं विसरतात. तसं न करता अडलेल्या प्रोग्रामचा तेवढा फोल्डर एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, घाला. पूर्ण सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स तिथे घातलेली ऑफिसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा की न घेतलेली बरी.

विंडोजचं मोठं अपडेट आलं की

वर्षातून एकदा विंडोज पुढच्या आवृत्तीवर जातं. आधी अँटीव्हायरसचा प्रोग्राम ताजा करा, फक्त यादी नव्हे, आणि मग विंडोज. २०१९ च्या नोव्हेंबरात अव्हास्ट आणि एव्हीजीची जुनी आवृत्ती असलेल्या मशीनना मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं १९०९ अपडेट रोखून धरलं होतं. अँटीव्हायरस नवा केला की वाट मोकळी व्हायची. तेव्हा शेजारच्या मशीनला अपडेट आलं आणि तुमच्या मशीनला आलं नाही, तर पेनड्राइव्हवरच्या सेटअपमधून जबरदस्तीने टाकू नका. आधी अँटीव्हायरस आणि ड्रायव्हर तपासा.

तरीही निळा पडदा आलाच, आणि मशीन पुन्हा पुन्हा स्वतःच रीस्टार्ट होत राहिलं, तर चालू होताना पॉवरचं बटण दाबून ते दोन-तीनदा बंद करा. विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ आकडा. बिटलॉकरची की इथे मागितली जाऊ शकते. सेफ मोडमध्ये आलात की रिमूव्हल टूल चालवून अँटीव्हायरस काढा आणि नेहमीसारखं सुरू करा. डिफेंडर आपोआप जागा घेतो. कंपनीने दुरुस्त आवृत्ती काढेपर्यंत त्याच्यावर राहा; कीचे उरलेले दिवस कंपनीच्या खात्यात नोंदलेले असतात, पुन्हा टाकताना तीच की चालते.